जिवंत पेशींकडून औषध बनवताना वेळापत्रकही रेणूत उतरतं

अ‍ॅस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात: नऊ कार्बनचे, आठ हायड्रोजनचे, चार ऑक्सिजनचे. जगात कुठेही बनवा, नीट शुद्ध केला की रेणू तोच. कर्करोगावर किंवा संधिवातावर दिली जाणारी प्रतिपिंड (अँटिबॉडी) औषधं मात्र वेगळ्या जातीची आहेत. त्यांचा एकेक रेणू तेराशेच्या वर अमिनो आम्लांचा असतो आणि वजनाने अ‍ॅस्पिरिनच्या आठशे पटींहून भारी. एवढं गुंतागुंतीचं प्रथिन रसायनं एकत्र करून जुळवणं व्यवहारात शक्य नाही. ते काम जिवंत पेशीकडूनच करून घ्यावं लागतं. आणि पेशीने बनवलेला माल कधीच तंतोतंत एकसारखा नसतो. एकाच टाकीतून एकाच दिवशी निघालेल्या रेणूंमध्येही बारीक फरक असतात.

रेणवीय जीवशास्त्र आणि उत्पादन व्यवस्थापन या दोन शाखांचा एरवी एकमेकींशी फारसा संबंध येत नाही. एकीचे लोक जनुकं आणि प्रथिनं पाहतात, दुसरीचे लोक रांगा, साठा, यंत्रांची क्षमता आणि नाकारला गेलेला माल मोजतात. जैविक औषधांच्या कारखान्यात मात्र ही वाटणी टिकत नाही. तिथे बॅच कधी थांबवायची, कच्चा माल कुणाकडून घ्यायचा, बाटलीला कोणतं बूच लावायचं, हे व्यवस्थापनाचे वाटणारे निर्णय शेवटी औषधाच्या रेणूत उतरतात. ते कसे उतरतात, ते या लेखात पाहू.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. एका जीवाचं जनुक दुसऱ्याच्या पेशीत घालून चालवता येतं, हे स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ मध्ये दाखवलं. १९७८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं गेलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. त्याआधी इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढावं लागे. इन्सुलिन लहान आहे, ५१ अमिनो आम्लांचं, आणि त्यावर साखरेची साखळी नसते. त्यामुळे जिवाणूकडून काम भागलं. प्रतिपिंडांवर मात्र साखरेच्या साखळ्या लागतात आणि त्या सस्तन प्राण्यांच्या पेशीच माणसाला चालतील अशा जोडतात. म्हणून या उद्योगाचा भार आज मुख्यतः ‘सीएचओ’ पेशींवर आहे. चायनीज हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या अंडाशयातून थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींचा हा वंश. या पेशींनी बनवलेलं पहिलं औषध, रक्ताची गुठळी विरघळवणारं, १९८७ मध्ये मंजूर झालं.

एका साखरेचा फरक

प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. दोन जड साखळ्या, दोन हलक्या साखळ्या. जड साखळीतल्या २९७ क्रमांकाच्या अमिनो आम्लावर साखरेची एक फांदी लागलेली असते. संपूर्ण रेणूच्या वजनात तिचा वाटा अगदी थोडा. पण या फांदीच्या बुडाशी फ्यूकोज नावाची एकच साखर नसेल, तर तो प्रतिपिंड आपल्या रोगप्रतिकारक पेशींना कितीतरी घट्ट चिकटतो आणि त्यांच्याकरवी कर्करोगाच्या पेशी मारण्याची त्याची ताकद वाढते. जनुक तेच, अमिनो आम्लांचा क्रम तोच, फक्त एक साखर कमी, आणि औषधाचा जोर बदलतो.

कोणती साखर लागेल हे जनुकात लिहिलेलं नसतं. ते पेशीतली विकरं (एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) त्या क्षणी किती जोमात आहेत यावर ठरतं. गॅलॅक्टोज नावाची साखर जोडणाऱ्या विकराला मँगनीज लागतं. पेशींच्या खाद्यात मँगनीजचा अगदी लेशमात्र फरक पडला, तरी प्रतिपिंडावरच्या गॅलॅक्टोजचं प्रमाण हलतं. टाकीत अमोनिया साचला तर पेशीच्या आतल्या गॉल्जी या भागाची आम्लता कमी होते आणि साखळीच्या टोकाशी लागणारी सायलिक आम्लं नीट लागत नाहीत. लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनसारख्या औषधात हे फार महागात पडतं, कारण सायलिक आम्लाचं टोक नसलेला रेणू यकृत भराभर रक्तातून काढून टाकतं. खाद्याच्या पोत्यावरचा लॉट नंबर आणि रुग्णाच्या रक्तात औषध किती वेळ टिकतं, यांचा संबंध असा थेट आहे.

टाकीत थांबलेला माल

आता कारखान्यात काय चालतं ते जवळून पाहू. सुरुवात होते द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात ठेवलेल्या एका छोट्या कुपीपासून. त्यातल्या पेशी जाग्या करून आधी फ्लास्कमध्ये, मग लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत अशा तीन-चार आठवडे वाढवत नेतात. शेवटची टाकी, म्हणजे मुख्य बायोरिअ‍ॅक्टर, दहा-पंधरा हजार लिटरचा असू शकतो. त्यात पेशी दोनेक आठवडे राहतात, खातात, वाढतात आणि प्रतिपिंड बाहेर सोडतात. मग पेशी वेगळ्या काढायच्या आणि उरलेल्या द्रवातून प्रतिपिंड शुद्ध करायचा. शुद्धीकरणाचा पहिला मोठा टप्पा म्हणजे ‘प्रोटीन ए’ स्तंभ. जिवाणूपासून मिळालेलं हे प्रथिन प्रतिपिंडाला पकडून ठेवतं आणि बाकी सगळं वाहून जाऊ देतं.

उत्पादन व्यवस्थापक इथे सरळ हिशोब मांडतो. रिअ‍ॅक्टर १४ दिवस अडतो, शुद्धीकरणाला २ दिवस लागतात. मग सात रिअ‍ॅक्टर दोन-दोन दिवसांच्या अंतराने सुरू करायचे, म्हणजे दर दोन दिवसांनी एक बॅच तयार होईल आणि एकच शुद्धीकरणाची ओळ सतत चालू राहील. नीट बसलेलं गणित आहे हे.

पण जीवशास्त्रज्ञ स्वस्थ बसलेले नव्हते. १९८० च्या दशकात एक लिटर द्रवातून प्रतिपिंड मिळे काही दशांश ग्रॅमच्याही खाली. आज लिटरमागे तीन ते पाच ग्रॅम मिळणं सर्रास आहे. चांगली पेशी निवडली, खाद्य सुधारलं, तापमान योग्य वेळी ३७ वरून थोडं खाली आणलं, अशा कामातून हे साधलं. मात्र स्तंभाला एका फेरीत ठरावीकच माल पकडता येतो. माल दुप्पट झाला की फेऱ्या दुप्पट, आणि दोन दिवसांचं शुद्धीकरण चार दिवसांवर जातं. अडथळा रिअ‍ॅक्टरकडून उचलून स्तंभापाशी येऊन बसतो. शुद्धीकरणाच्या दारात माल रांगेत उभा राहतो.

सुट्या भागांच्या कारखान्यात रांगेत थांबलेल्या मालाचा तोटा म्हणजे अडकलेलं भांडवल आणि व्यापलेली जागा. इथे थांबलेला माल स्वतःच मोडतो. प्रतिपिंडाच्या चार साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. पेशी वेगळ्या काढताना सेंट्रिफ्यूजच्या ताणाने काही पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं थायोरेडॉक्सिन नावाचं विकर द्रवात मिसळतं. ते गंधकाचे बंध सोडवू शकतं. द्रवात ऑक्सिजन असेपर्यंत त्याचं फारसं चालत नाही. पण झाकलेल्या टाकीत द्रव नुसता पडून राहिला की ऑक्सिजन संपतो, आणि बंध सुटू लागतात. काही तासांनी नमुना तपासला तर अखंड प्रतिपिंडाऐवजी सुट्या जड आणि हलक्या साखळ्या दिसतात. चौदा दिवसांच्या मेहनतीची बॅच टाकीत उभ्या उभ्या तुटते.

हा प्रकार अनेक कारखान्यांत दिसला आणि त्यावर २००० च्या दशकाच्या अखेरीस बारकाईने संशोधन झालं. उपाय निघाले ते दोन्ही बाजूंचे: टाकीत हवा सोडत राहायची, द्रव थंड ठेवायचा, विकराला आवर घालण्यासाठी थोडं कॉपर सल्फेट घालायचं, आणि थांबण्याची कमाल मुदत ठरवून वेळापत्रक तिच्याभोवती बांधायचं. मला हे उदाहरण सगळ्यात बोलकं वाटतं, कारण यात नुसतं वेळापत्रक पाहणाऱ्याला कारण सापडलं नसतं आणि नुसता रेणू पाहणाऱ्याला ती बॅच तिथे का थांबली होती हे कळलं नसतं.

चढउतार: कोणता नेहमीचा, कोणता धोक्याचा

वॉल्टर शूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं. त्यात एक आकृती होती. टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या कारखान्यातला माल सुधारण्याचं काम त्यांच्याकडे होतं. कल्पना अशी: प्रत्येक प्रक्रियेत चढउतार असतातच. मधोमध सरासरीची रेघ काढा, वर आणि खाली तीन प्रमाण विचलनांवर (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं हे माप) मर्यादेच्या रेघा काढा. मोजमाप या पट्ट्यात नाचत असेल तर ते प्रक्रियेचं नेहमीचं नाचणं आहे. पट्ट्याबाहेर गेलं, किंवा सलग एकाच बाजूला सरकत राहिलं, तर काहीतरी वेगळं घडलं आहे आणि कारण शोधायलाच हवं. नेहमीच्या चढउतारावर दर वेळी खुंटी पिरगाळत बसलं की प्रक्रिया आणखी बिघडते, हे पुढे संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी आयुष्यभर सांगितलं.

पेशींच्या कारखान्यात हा आलेख वापरणं अवघड जातं. एक बॅच पुरी व्हायला आठवडे लागतात, त्यामुळे वर्षभरात आलेखावर मोजकेच बिंदू पडतात. शिवाय मोजमाप स्वतःच डळमळतं. औषधाची ताकद तपासायला अनेकदा दुसऱ्या जिवंत पेशी वापरतात, आणि त्यांचाही मूड रोज सारखा नसतो. आकडा खाली आला तर औषध बदललं की चाचणी? म्हणून प्रत्येक चाचणीत नव्या बॅचसोबत एक ठरलेला संदर्भ नमुना चालवतात आणि दोहोंचं गुणोत्तर पाहतात.

तरीही आलेख बोलतो. बोस्टनमधल्या ऑलस्टन भागातल्या जेन्झाइम कंपनीच्या कारखान्यात २००८ मध्ये पेशींची उत्पादकता घसरली होती. बेल्जियममधल्या दुसऱ्या कारखान्यातही तसंच झालं. जून २००९ मध्ये ऑलस्टनला उत्पादन पूर्ण थांबवून स्वच्छता करावी लागली. दोषी होता व्हेसिव्हायरस २११७. माणसाला त्याने आजार होतो असं दिसलेलं नाही, पण सीएचओ पेशींची वाढ तो खुंटवतो. त्याच्यासाठी खास चाचणी तयार झाल्यावर आधीच्या घसरणींमागेही तोच होता हे स्पष्ट झालं. या कारखान्यात गोशे आणि फॅब्री या दुर्मीळ आनुवंशिक आजारांवरची विकरं बनत. रुग्णांच्या पेशी जे विकर स्वतः बनवू शकत नाहीत, तेच बाहेरून देण्याची ही औषधं. आधीच साठा तुटपुंजा होता. जगभरातल्या रुग्णांना मात्रा कमी करावी लागली, काहींना दोन मात्रांमधलं अंतर वाढवावं लागलं, आणि पुरवठा रुळावर यायला बराच काळ गेला. राखीव साठा किती ठेवायचा हा गोदामाचा प्रश्न समजला जातो. इथे ते ठरवताना विषाणू पेशीत शिरण्याची शक्यता धरावी लागते.

तपासून दर्जा येत नाही

‘शेवटी प्रत्येक बाटली तपासा आणि खराब ती फेकून द्या’ हा मार्ग का चालत नाही? कारण तपासलेली बाटली वापरता येत नाही. तपासायला ती फोडावी लागते. समजा दहा हजार बाटल्यांच्या लॉटमध्ये शंभर बाटल्या जंतूंनी दूषित आहेत, म्हणजे एक टक्का. लॉटमधल्या कोणत्याही २० उचलून तपासल्या. वीसही स्वच्छ निघण्याची शक्यता किती? ०.९९ ला वीस वेळा स्वतःशी गुणा: ०.८२ येतं. म्हणजे अशा दूषित लॉटपैकी बहुतेक या चाचणीतून सहीसलामत पार होतील. म्हणून निर्जंतुकतेचा खरा भरवसा प्रक्रियेवर ठेवावा लागतो. बाटल्या भरणारी ओळ ठरावीक काळाने औषधाऐवजी जंतूंना आवडणारं खाद्य भरून चालवतात, त्या बाटल्या दोन आठवडे उबेत ठेवतात आणि कुठे काही वाढतं का ते पाहतात.

कच्च्या मालाचीही हीच कथा. सस्तन प्राण्यांच्या पेशींना भिंत नसते. टाकीत ऑक्सिजनसाठी बुडबुडे सोडतात; बुडबुडा वर येऊन फुटतो तेव्हा त्याला चिकटलेली पेशीही फाटते. ते टाळायला पोलोक्सॅमर १८८ नावाचं द्रव्य घालतात, म्हणजे पेशी बुडबुड्याला चिकटत नाहीत. या द्रव्याचे काही लॉट असे आढळले की प्रमाणपत्रातल्या सगळ्या चाचण्यांत ते पास, आणि टाकीत मात्र पेशी मरतात. प्रमाणपत्र ज्या गोष्टी मोजत होतं त्यात पेशीला हवी ती गोष्टच नव्हती. शेवटी छोट्या भांड्यात बुडबुडे सोडून प्रत्येक लॉट खऱ्या पेशींवर तपासण्याची पद्धत बसवावी लागली. कच्च्या मालाच्या खरेदीचा असा निकष ठरवायला पेशीचं आवरण कसं वागतं हे ठाऊक असावं लागतं.

पेशींचा टप्पा संपला म्हणजे जीवशास्त्र संपलं असंही नाही. एरिथ्रोपोएटिन हे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध, मूत्रपिंडाच्या रुग्णांना नेहमी लागणारं. त्याच्या एप्रेक्स या ब्रँडमध्ये १९९८ मध्ये एक बदल झाला. औषध स्थिर राहावं म्हणून त्यात मानवी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घालत असत. युरोपात तेव्हा रक्तजन्य पदार्थांतून मेंदूचा एक असाध्य विकार पसरेल अशी भीती होती, म्हणून ते काढून त्याऐवजी पॉलिसॉर्बेट ८० हे साबणासारखं काम करणारं द्रव्य घातलं. रेणू तोच, पेशी त्याच. त्यानंतर काही रुग्णांच्या शरीराने या औषधाविरुद्धच प्रतिपिंड तयार केले, आणि ते प्रतिपिंड रुग्णाच्या स्वतःच्या एरिथ्रोपोएटिनलाही निकामी करू लागले. लाल पेशी बनणंच थांबलं. रुग्ण बाहेरच्या रक्तावर आले. २००२ मध्ये अशा १३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि एकच खळबळ उडाली.

कारणावर बराच वाद झाला. कंपनीच्या संशोधनाने बोट ठेवलं ते भरलेल्या सिरिंजच्या रबरी बुचावर: पॉलिसॉर्बेटने आवरण नसलेल्या रबरातून काही सेंद्रिय पदार्थ ओढून काढले आणि त्यांनी प्रतिकारशक्तीला डिवचलं. इतरांनी पॉलिसॉर्बेटलाच दोष दिला. बुचांना आवरण आलं, औषध त्वचेखाली देण्याऐवजी शिरेतून दिलं जाऊ लागलं, साठवणुकीच्या तापमानावर कडक नजर बसली, आणि रुग्णसंख्या खाली आली. पुढे दुसऱ्या एका एरिथ्रोपोएटिनच्या चाचणीत तसेच दोन रुग्ण सापडले, तेव्हा संशोधकांनी २०१२ मध्ये वेगळाच धागा पुढे आणला: काचेच्या सिरिंजला सुईसाठी भोक पाडताना टंगस्टनची पिन वापरतात, तिचा अंश काचेत राहतो आणि प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. सिरिंज बनवणाऱ्या पुरवठादाराकडची एक पिन थेट रुग्णाच्या अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकते, हे त्या आधी कुणाच्या तपासणी यादीत असेल असं वाटत नाही.

मग बदल करायचेच नाहीत का? असं कुणाला चालणार नाही. यंत्रं जुनी होतात, पुरवठादार बंद पडतात, चांगल्या पद्धती सापडतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाजारातल्या तीन प्रसिद्ध जैविक औषधांचे अनेक वर्षांचे लॉट तपासले. काही विशिष्ट काळानंतर साखरेच्या साखळ्यांचं प्रमाण एकदम पायरीसारखं बदललेलं दिसलं, म्हणजे प्रक्रियेत बदल झाला होता. पाकिटावरचं नाव आणि माहितीपत्रक तेच राहिलं. यात लपवाछपवी नाही. बदलाआधीचा आणि नंतरचा माल तुलना करून पुरेसा सारखा आहे हे नियामकांना दाखवावं लागतं, त्याचे आंतरराष्ट्रीय नियम २००४ पासून आहेत. पण एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मूळ कंपनीचं औषधही काळानुसार थोडं सरकतं, हे मान्य केल्यावर त्याच औषधाची दुसऱ्याने बनवलेली आवृत्ती ‘अगदी तशीच’ हवी असा आग्रह धरण्यात अर्थ उरत नाही. कोणता फरक रुग्णाला जाणवेल आणि कोणता नाही, एवढंच विचारणं योग्य.

सध्या या क्षेत्राचं लक्ष सलग उत्पादनाकडे आहे. पेशी टाकीत महिना-दोन महिने ठेवायच्या, गाळणीने त्यांना आत रोखायचं, ताजं खाद्य घालत राहायचं आणि औषध रोज बाहेर काढून लगेच स्तंभावर न्यायचं. रांगच नाही, म्हणून गंधकाचे बंध तुटायला वेळच मिळत नाही. टाकीही लहान पुरते. त्यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. पण यातून नवा प्रश्न उभा राहतो: सतत वाहणाऱ्या प्रवाहात बॅच कशाला म्हणायचं? सतराव्या दिवशी वीस मिनिटं पीएच (आम्लतेचं माप) घसरला, तर नेमकं कोणतं औषध फेकायचं? त्यासाठी प्रत्येक टप्प्यात रेणू सरासरी किती वेळ राहतो आणि त्यात किती पसारा असतो हे आधी मोजावं लागतं. ओळखता येईल असा एखादा पदार्थ प्रवाहात सोडून तो पलीकडे किती वेळाने आणि किती विखरून निघतो ते पाहतात. त्या पीएचला वीस मिनिटांत पेशी काय करते, विकरं मंदावतात का, साखर बदलते का, हे जीवशास्त्रज्ञ सांगतो. दोन्ही उत्तरं जोडूनच ठरतं की प्रवाह कचऱ्याच्या टाकीकडे वळवणारा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि किती वेळाने बंद करायचा, आणि हे पहिली पेशी टाकीत जाण्याआधीच लिहून ठेवावं लागतं.